साक्षगंधासाठी घासलेला गाल

माणसाच्या गालावर व्रण असला तर त्यानं तो गुमान वागवावा, त्याच्या नादी लागू नये, हे मी आज छातीठोकपणे सांगू शकतो. चैत्रात मला हे सांगणारं कोणी नव्हतं. म्हणजे बायको सांगत होती, मुलगी सांगत होती, प्रत्यक्ष डॉक्टरीणबाईसुद्धा सांगत होत्या. पण घरच्यांचं आणि जाणकारांचंच ऐकायचं तर देवानं माणसाला शेजारी कशाला दिले असते?

मी वासुदेव निचत. अमरावतीत एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक आहे. माझ्या डाव्या गालावर कानशिलापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत एक व्रण आहे. लहानपणी चांदूर बाजारच्या बैलबाजारात एका गोऱ्ह्यानं मान झटकली आणि मी मध्ये होतो, एवढाच त्याचा इतिहास. लोकांना तो पटत नाही. गालावर असा व्रण असलेला माणूस तरुणपणी कोणाच्या तरी अंगावर धावून गेलाच असला पाहिजे, असं त्यांना वाटतं. कचेरीत नवा साहेब आला की सुरुवातीला माझ्याशी फार नरमाईनं बोलतो आणि मीही त्याचा गैरसमज दूर करण्याची घाई करत नाही. तेव्हा हा व्रण माझ्या वाईटावर कधीच नव्हता.

तो वाईटावर आला आकांक्षाच्या लग्नात. आमची ही एकुलती एक लेक बी.फार्म. झालेली, जिभेनं तिखट. आलेल्या प्रत्येक मुलात तिनं अशी खोट काढली होती की त्याच्या आईनंही ती मान्य करावी. मग शेजारच्या भगवंतरावांनी तेल्हाऱ्याचं स्थळ आणलं. भगवंतरावांची सासुरवाडी तेल्हारा, त्यामुळे तिथल्या माणसांची त्यांना खडान्‌खडा माहिती आहे असं ते स्वतः म्हणतात. मुलगा गजेंद्र, गावात त्याचं कृषी केंद्र आहे, घरची काळी जमीन आहे. तो येऊन गेला आणि आमची लेक कपबशा विसळताना चक्क गुणगुणली. आमच्या घरात भांडी घासताना कोणी गुणगुणत नाही, आपटतात. मी आणि सुभद्रा एकमेकांकडे पाहत राहिलो. हे स्थळ हातचं जाऊ द्यायचं नाही, एवढं मी तेव्हाच ठरवलं.

अडचण इतकीच झाली की मुलाचे वडील बुधाजी पोहे संपेपर्यंत माझ्या गालाकडे पाहत होते. शेवटी त्यांनी विचारलंच, हे कायचं म्हणून. मी गोऱ्ह्याची हकीकत सांगितली. त्यावर ते म्हणाले, "असन, असन."

खरं असेल म्हणाले, खरं आहे नाही. या "असन"नं माझी झोप उडवली. पाहुणे गेल्यावर सुभद्रा सहज बोलून गेली की त्याहिले वाटलं असन, पोरीचा बाप चाकू-सुऱ्यातला हाय. तिच्या दृष्टीनं विषय तिथं संपला आणि माझ्या दृष्टीनं सुरू झाला. साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, सारं तेल्हारा येणार, फोटो निघणार, आणि प्रत्येक फोटोत मुलीच्या मागे हा गुंड उभा. मी मोबाइलवर शोधायला लागलो. मोबाइललाही कसं कळतं कोण जाणे, दुसऱ्या दिवसापासून मला दिसेल तिथं गाल दिसायला लागले. उपचाराआधीचे खडबडीत गाल, उपचारानंतरचे लोण्यासारखे गाल. खाली नाव, मायक्रोडर्माब्रेजन. आकांक्षा म्हणाली, "बाबा, लगन माहं हाय. तुमी काहून पार्लरच्या बाता करून राहिले?" मी तिला म्हटलं, बापाच्या जबाबदाऱ्या तुला कळायच्या नाहीत.

अमरावतीत हे काम करणं शक्यच नव्हतं. इथल्या कोणत्याही दवाखान्यात बाकावर बसलं की शेजारी बसलेला आपला कोणी ना कोणी निघतो. म्हणून मी अकोल्याचा दवाखाना निवडला. तोंडाला दुपट्टा गुंडाळून एसटीत बसलो. वैशाखाच्या तोंडावर आमच्याकडे सगळेच तोंड बांधून फिरतात, त्यामुळे चोर आणि लिपिक यांत फरक कळत नाही. मूर्तिजापूरला एक मनुष्य मला कोणी दुसराच समजून बराच वेळ सासऱ्याच्या तब्येतीबद्दल बोलला. मीही हो हो केलं. गुप्तता म्हणजे गुप्तता.

दवाखान्यातल्या डॉक्टर शाहीन तिशीच्या, आणि बोलायला सरळसोट. त्यांनी माझ्या गालावर बोट फिरवून सांगितलं की काका, हा व्रण खोल आहे, या उपचारानं फक्त वरचा थर निघतो. कडा जराशा मऊ होतील, रंग थोडाफार मिसळेल, पण पुसून जाईल अशी आशा ठेवू नका. मी म्हटलं, तुम्ही सुरू तर करा. "होणार नाही" या शब्दांना आम्ही कचेरीतली माणसं घाबरत नाही. आमच्याकडे प्रत्येक कामाची सुरुवात तिथूनच होते.

यंत्र पाहून मात्र मी जरा हबकलो. नळीच्या टोकाला हिऱ्याच्या कणांची टोपी, ती कातडी घासते आणि घासलेलं आत ओढून घेते. हिऱ्यानं घासून घेणारा निचतांच्या घरात मी पहिलाच. ते गालाला लागलं तेव्हा मांजरीनं चाटल्यासारखं वाटलं, फक्त ही मांजर घुरघुरायची थांबत नव्हती. झालं तेव्हा गाल टोमॅटोसारखा लाल. बाईंनी बजावलं की दर पंधरवड्याला यायचं, उन्हात फिरायचं नाही, गालाला घरगुती काहीही लावायचं नाही आणि हे एक पांढरं मलम उन्हापासून बचावासाठी लावायचं. उन्हात फिरू नका, हे त्या अकोल्यात बसून, एप्रिल महिन्यात सांगत होत्या.

मग रजेचा प्रश्न आला. रजेच्या अर्जात मी "वैद्यकीय कारण" लिहिलं. आस्थापनेनं विचारलं, कोणतं? मी बाईंचं प्रमाणपत्र जोडलं. आस्थापनेनं शेरा मारला की व्रण हा आजार आहे किंवा कसे, याचा खुलासा व्हावा. मी खुलासा केला की व्रण हा आजार नसून आजाराची खूण आहे. त्यावर, सबब आजार पूर्वीच बरा झालेला असल्याने रजेचे प्रयोजन दिसत नाही, असं उत्तर आलं. तीस वर्षं मी अशीच उत्तरं लोकांना लिहीत आलो होतो, पण ती इतकी लागतात याची मला कल्पना नव्हती. अखेर रजा मिळाली नाही आणि मी भर उन्हात स्कूटरवरून कचेरीत जायला लागलो.

उन्हात जायचंच तर मलम तरी भरपूर लावावं, असा विचार मी केला. मलम इतकं पांढरं की मुरायचं नावच घेत नाही. मी ते गालावर लावलं, मानेवर लावलं, आणि स्कूटरच्या मुठी धरताना हातांवर ऊन येतं म्हणून दोन्ही हातांवर लावलं. वरून दुपट्टा, त्यात घाम. घरी पोचेपर्यंत कुठं पुसलं जायचं, कुठं पांढरं राहायचं. एका संध्याकाळी मी फाटकात दुपट्टा सोडला आणि हात झटकत उभा राहिलो. समोर भगवंतराव झाडांना पाणी देत होते. त्यांनी माझ्या मानेकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं, गालाकडे पाहिलं, आणि एक शब्द न बोलता आत गेले. पाण्याचा पाइप तसाच चालू राहिला.

भगवंतराव गप्प राहिले यावरूनच मला शंका यायला हवी होती. हा मनुष्य आमच्या घरी कुकरची शिट्टी जास्त झाली तरी कुंपणावरून विचारणारा. पण मला उलट बरं वाटलं. मला वाटलं, गालात फरक पडला आणि तो पाहून हे चकित झाले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचे सल्ले सुरू झाले. दूध आणि मासोळी एका दिवशी खाऊ नका म्हणाले. आंबट बंद करा. तांब्याच्या लोट्यातलं पाणी प्या. मी म्हटलं, बघा, शेजारी असावा तर असा, न सांगता ओळखलं आणि व्रणावर इलाजही सांगून राहिला. मी त्यांना विश्वासात घेऊन हळूच सांगितलं की मी अकोल्याला कातडीच्या डॉक्टरकडे जातो, पण तेल्हाऱ्याला कळता कामा नये. भगवंतरावांनी माझा हात हातात घेतला, म्हणजे घेता घेता थांबले आणि मनगटाच्या वर शर्टाच्या बाहीवर धरला. म्हणाले, "निचतभाऊ, मले काही सांगू नका. मी समजलो." त्यांचे डोळे पाणावले होते. गालावरच्या व्रणासाठी कोणी रडत नाही, हे त्या वेळी माझ्या डोक्यात आलं नाही. मलाच गहिवरून आलं.

मग त्यांनी एक बाटली आणून दिली. कसल्याशा बियांचं काळपट तेल, त्यांच्या साळ्यानं खास परतवाड्याहून आणलेलं. म्हणाले, लावून कवळ्या उन्हात बसा. डॉक्टरीणबाईंनी घरगुती काही लावू नका म्हणून सांगितलं होतं, पण बाई काल-परवाच्या आणि भगवंतराव आमच्या भिंतीला भिंत लागून. मी लावलं. कवळं ऊन आमच्याकडे पाहायला मिळत नाही, सूर्य उगवतो तोच जून होऊन. तासाभरात गालाची आग आग झाली, संध्याकाळी फोड आले, आणि फोड बसले तेव्हा जिथं हिऱ्यानं घासलं होतं तिथं बरोबर एक काळा पट्टा उमटला. आता मी गुंड तर दिसतच होतो, पण नुकताच कुठेतरी जाळपोळ करून आलेला गुंड.

तसाच अकोल्याला गेलो. डॉक्टर शाहीननी मला आधी झापलं आणि मग बाटलीचा वास घेतला.

"काका, हे बावचीचं तेल आहे. हे लोक कोडावर लावतात. तुम्हाला कोणी दिलं?"

मी बसलो होतो ती खुर्ची फिरती होती, का मीच फिरत होतो, सांगता येत नाही. मासोळी, आंबट, तांब्याचं पाणी, मनगटाऐवजी धरलेली बाही, सगळं एकदम डोक्यात आलं. भगवंतरावांना वाटत होतं मला कोड आहे. आणि भगवंतरावांना जे वाटतं ते त्यांच्या बायकोला वाटतं, आणि तिला वाटलं ते तिच्या माहेरी तेल्हाऱ्याला वाटायला फोनच्या एका रिंगेचा वेळ लागतो. आमच्याकडे मुलीच्या घरात कोड आहे म्हटलं की पुढची बैठक होत नाही. चौकशीला आलेला माणूस पानठेल्यावरूनच परत जातो.

बाई सांगत होत्या की कोड लागत नाही, कोणाचं काही बिघडवत नाही, माझ्याकडे येणारे कितीतरी लोक सुखात संसार करून राहिले. मी म्हटलं, बाई, ते सगळं ठीक आहे, पण मला नाही असं लिहून द्या. त्यांनी सुस्कारा टाकला आणि लिहून दिलं.

घरी पोचलो तर सुभद्रा दारात उभी. तेल्हाऱ्याहून फोन आला होता. बुधाजी आणि विहीणबाई रविवारी येऊन राहिले, म्हणे थोडं बोलायचं हाय. साक्षगंध तोंडावर आलेलं असताना पाहुण्यांना "थोडं बोलायचं" असलं की ते काय बोलायचं असतं, हे कोणाला सांगावं लागत नाही. सुभद्रा रडवेली झाली होती. आकांक्षा मात्र तिच्या खोलीत निवांत फोनवर बोलत होती, आणि तिचा हसण्याचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. माझ्या शौकापायी या पोरीचं हसू जाणार होतं. भगवंतरावांशी मी भांडून आलो. ते म्हणाले, मी तर फक्त बायकोजवळ बोललो, आणि तेही तुमच्या काळजीनं. आता बोला.

रविवारी मी एक निर्णय घेतला. लपवालपव नाही. मी पाहुण्यांसमोर बनियनवर बसलो. सुभद्रा आतून खुणा करत होती की शर्ट घाला, पण माझं म्हणणं, पुरावा झाकून ठेवला तर उपयोग काय? बुधाजी आले, विहीण शकुनबाई आल्या, मध्यस्थ म्हणून भगवंतराव येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले. शकुनबाई मेच्या उन्हात मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घालून, पदर अंगभर लपेटून बसल्या होत्या. त्यांनी मला बनियनवर पाहिलं आणि नजर खाली घातली. मला वाटलं, संस्कार.

पाणी पिऊन झाल्यावर बुधाजी खाकरले.

"निचतसाहेब, तुमच्या घरात कोड हाय, असं आमच्या कानावर आलं. खरं हाय काय?"

"साफ खोटं," मी म्हटलं आणि उठून उभा राहिलो. दोन्ही हात पुढे केले, मागे केले, वळून पाठ दाखवली, मान खाली घालून टाळूही दाखवली. मुलगी पाहायला आल्यावर आमच्याकडे मुलीला चालून दाखव म्हणतात, तसा मी, पोरीचा बाप, बैठकीत फेऱ्या मारत होतो. डॉक्टरीणबाईंचा कागद बुधाजींच्या हातात दिला. काळ्या पट्ट्याचा, मलमाचा, भगवंतरावांच्या तेलाचा सारा इतिहास सांगितला.

"म्हंजे नाईच?" बुधाजींनी विचारलं.

"नाईच."

"घरात कोनालेच नाई?"

आता माझ्या लक्षात यायला हवं होतं की हा मनुष्य सुटकेचा श्वास टाकत नाही, त्याचा चेहरा उतरत चालला आहे. पण मी आता भरात होतो. सात पिढ्या काढल्या. सुभद्राचं माहेर काढलं. आणि कोणी विचारलं नसताना वरून हेही बोलून बसलो, "कोडाच्या घरात आमी पोरगी देतही नाई न तिथली आनतही नाई."

बुधाजींनी कागदाची घडी करून माझ्या हातात परत दिली. मग शकुनबाईंनी डाव्या हाताच्या बाहीचा हूक काढला आणि बाही हळूहळू कोपरापर्यंत सरकवली. मनगटापासून वर सारा हात पांढरा होता.

"मंग आमचं इथंच थांबलं म्हना," त्या म्हणाल्या. "गजेंद्र पोटात होता तवापासून हाय हे. आमी लपवलं, आमचं चुकलं. तुमच्याकडची गोठ ऐकली तवा म्या गजेंद्रच्या बाबाले म्हटलं, चाला, आता भेव नाई, आता सांगता येईन."

मी बनियनवर उभा होतो आणि मला अंग झाकायला जागा मिळेना. ही बाई आमच्याकडे लग्न मोडायला नव्हती आली, मन मोकळं करायला आली होती, आणि मी तिच्यासमोर माझी कातडी मिरवून तिचं तोंड बंद केलं होतं. मला माझी भयंकर लाज वाटली. त्या लाजेच्या खाली भीतीही होती, ती लपवत नाही. स्थळ गेलं, आणि तेल्हाऱ्यानं नाही, मी घालवलं. भगवंतराव खिडकीबाहेर पाहत होते. तिथं पाहण्यासारखं काही नव्हतं, आमचाच संडास होता.

तेवढ्यात आकांक्षा चहाचा ट्रे घेऊन आली. तिनं माझ्याकडे पाहिलं, त्या हाताकडे पाहिलं आणि सगळ्यात आधी शकुनबाईंसमोर कप धरला.

"घ्या काकू. मले माहीत हाय. गजेंद्रनं पहिल्याच दिवशी सांगतलं होतं."

शकुनबाईंनी वर पाहिलं. त्यांच्या लेकानं इकडे सांगून टाकलं हे त्यांनाही माहीत नव्हतं. मी विचारलं, "मंग तू आमाले काहून नाई सांगतलं?"

"सांगासारखं काय होतं त्यात?" ती म्हणाली. "साखर कमी हाय काय पाहा काकू, आईनं घाईत टाकली."

सुभद्रा आतून बाहेर आली. शकुनबाईंच्या शेजारी बसली आणि त्यांचा तो उघडा हात आपल्या मांडीवर घेतला. माझ्या छातीवरचं ओझं असं काही उतरलं की मी धपकन दिवाणावर बसलो. बोलायचं बरंच होतं. मी म्हटलं, "विहीणबाई, मी जे बोललो ते..." पण पुढचं मला जुळेना. तीस वर्षं खुलासे लिहिणारा माणूस मी.

"राहू द्या," शकुनबाई म्हणाल्या. "आमच्याकडे कोनाले नसतं तर आमीही तेच बोललो असतो."

बुधाजी हसले, मग मीही हसलो, आणि भगवंतराव तर इतक्या मोठ्यानं हसले की त्यांना पाणी आणून द्यावं लागलं. साक्षगंधाची तारीख होती तीच राहिली. आकांक्षा आत गेली आणि लगेच फोनवर बोलायला लागली, तिचं हसू बैठकीपर्यंत येत होतं. मी शर्ट घालायला उठलो.

परत आलो तेव्हा शकुनबाईंची दुसरीही बाही वर गेली होती. त्यांनी खुर्ची कूलरसमोर ओढून घेतली होती आणि दोन्ही हात त्या गार वाऱ्यात लांब करून बसल्या होत्या.

"बाप्पा," त्या सुभद्राला म्हणाल्या, "कितीक वर्सांनी हातांले हवा लागली वं."